डाव्या गुडघ्यावरचा पट्टा

मी गुडघ्याचा पट्टा बोलतोय. फार दमलोय हो. आवाज अधूनमधून बसला तर तेवढं सांभाळून घ्या.

लेस्टरच्या एका कारखान्यात मला विणलं. १९९० च्या जानेवारीत मी कार्डिफच्या एका इस्पितळात, फिजिओथेरपीच्या कपाटात येऊन पडलो. तिथे मधुमती गायकवाड काम करायच्या. मूळच्या पुण्याच्या. हात कडक, जीभ त्याहून कडक. त्यांनी मला इद्रिस प्रॉसरच्या उजव्या गुडघ्यावर चढवलं.

इद्रिस वेल्सच्या रग्बी संघाचा कॅप्टन. आठवडाभर शाळेत सुतारकाम शिकवायचा आणि शनिवारी लाल जर्सी घालून देशासाठी अंग ठेचून घ्यायचा. त्याच्या उजव्या गुडघ्याचं लिगामेंट अर्धं फाटलं होतं. "सहा आठवडे खेळायचं नाही. नंतरही हा सपोर्ट घातल्याशिवाय मैदानात उतरायचं नाही," मधुमतीबाईंनी बजावलं. त्याने मान डोलावली. मान डोलावण्यात खेळाडू पटाईत असतात.

तीन आठवड्यांनी मॅच होती. ड्रेसिंग रूममध्ये त्याने मला उजव्या पायावरून काढलं आणि डाव्या, धडधाकट गुडघ्यावर चढवलं. मला वाटलं, बिचारा घाईत चुकला.

सोमवारी तो तपासणीला आला, तेव्हा मधुमतीबाईंचा नवरा गिरीश डबा द्यायला आला होता. इद्रिससमोरच दोघं खुशाल मराठीत बोलत राहिले. परदेशात आपल्या लोकांना ही एक मुभाच असते.

"मधू, सॅटर्डेला टीव्हीवर बघितलंस ना? तुझ्या कॅप्टनने सपोर्ट राँग लेगला घातला होता."

"बघितलं. थांब, आता घेतेच त्याला फैलावर."

घेतलंही. इद्रिस नुसता हसला. "चुकून नाही घातला. माझा एक गुडघा गेलाय हे समोरच्यांना ठाऊक आहे. पट्टा दिसेल तिथेच ते धडक मारणार. उजवा वाचतो."

"आणि उजव्याला धरणार कोण?"

"कुणाला सांगू नका. उजवा अजून इतका गेलेला आहे हे निवड समितीला कळलं तर कॅप्टन्सी जाईल."

पेशंटची गोष्ट, म्हणून बाई गप्प बसल्या. मीही गप्प. पट्ट्याला कोण विचारतं?

पुढची तीन वर्षं मी मार खाल्ला. एडिनबर्गमध्ये, डब्लिनमध्ये, पॅरिसमध्ये. संध्याकाळी दोन्ही संघ बो-टाय लावून एकत्र जेवायला बसले, की समोरचा कॅप्टन आपुलकीने डाव्या गुडघ्याची चौकशी करायचा. दुपारी त्यानेच तो हाणलेला असायचा! इद्रिस गालात हसायचा. उजवा गुडघा टेबलाखाली सुजत असायचा, तो मला दिसायचा. त्याच्यापुढे मला लाज वाटायची.

१९९३ च्या मार्चमध्ये दोन धिप्पाड गडी एकदमच माझ्यावर आदळले. आत काहीतरी तुटलं. डॉक्टर धावत आले. "जुनंच दुखणं ना?" त्यांनी विचारलं. इद्रिस हो म्हणाला आणि उरलेली वीस मिनिटं तसाच खेळला.

सोमवारी बायकोच्या आधाराने तो इस्पितळात आला.

"कुठला दुखतोय?" बाईंनी विचारलं.

"दोन्ही."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मला हलकेच काढून खुर्चीवर ठेवलं. गिरीश आला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मी तेव्हाच कुणाशी तरी बोलायला हवं होतं रे."

कॅप्टन्सी दुसऱ्याकडे गेली. इद्रिस पुन्हा खेळला नाही. आता चार वर्षं झाली. पस्तिशीतला माणूस जिना कठडा धरून, आडव्या पावलांनी उतरतो. शाळेत उभ्याने रंधा मारणं होत नाही, स्टुलावर बसून शिकवतो. आताशा रोज सकाळी तो मला उजव्या गुडघ्यावर चढवतो, आणि बसस्टॉपपर्यंत जाईतो मी घसरून घोट्याशी येतो. तो वाकून, कण्हत, मला पुन्हा वर ओढतो. मी पुन्हा घसरतो.

इद्रिस, बाबा, आता मला टाकून दे आणि नवा घे. माझ्यात ताण होता, तेव्हा हा गुडघा तू मला दिलाच नाहीस.