दाराखालचा पांढरा पंजा

मी एक जुना बोका आहे. मित्रांनो, स्वतःला म्हातारा म्हणायचे माझ्या जिवावर येते, म्हणून आपला जुना म्हणतो. मिशा पिकल्या आहेत, उडी मारण्याआधी दोनदा विचार करावा लागतो, आणि उंदरांनी तर मला भ्यायचे केव्हाच सोडून दिले आहे. पण माझी गोष्ट उंदरांची नाही. माझी गोष्ट आमच्या घरात आलेल्या एका पांढऱ्या पाहुणीची आहे.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे घराच्या खालची एक लांबट खोली. भिंतीला टेकवलेल्या फळ्या, मधोमध कामाचे जाड टेबल, आणि जमिनीवर रंध्यातून निघालेल्या कुरळ्या सालींचा ढीग. माझी आई मला खिळ्यांच्या रिकाम्या खोक्यात ठेवून गेली ती परत आलीच नाही. सुताराच्या मुलीने, ठमीने, मला त्या खोक्यातून उचलले. कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब दूध पाजले. खोक्यात सापडला म्हणून माझे नाव पडले खोका. "खोका बोका, दूध प्यायला नका करू धोका," असे काहीतरी ती गायची. गाण्याला अर्थ नव्हता, पण चाल चांगली होती.

माझी वाढ लाडात झाली. ठमीचे बाबा करवत चालवताना मी सालींच्या ढिगात लोळायचो. ठमीची आई टपाल वाटायची. संध्याकाळी ती घरी आली, की तिच्या बुटांवरून अख्ख्या गावातल्या कुत्र्यांच्या बातम्या मला वाचायला मिळायच्या. वाटी माझी, खिडकी माझी, ठमीची मांडीही माझीच. एकुलत्या एक मुलाला आणखी काय हवे असते?

आणि अशा सुखात एक दिवस आत्या आली.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती गोदामातला माल टेंपोतून पोचवायची. तिचा आवाज टेंपोच्या इंजिनालाही भारी होता. आल्या आल्या तिने जाकिटाच्या खिशातून एक पांढरा गोळा काढला आणि थेट खोलीच्या मध्यावर ठेवला.

"घ्या! पोत्यांच्या मागे सापडली. तुमच्या खोक्याला जोडीदार!"

मित्रांनो, तुम्ही जेवायला बसला आहात आणि कोणीतरी एक अनोळखी मूल आणून तुमच्या ताटात बसवले, तर तुम्हाला कसे वाटेल? माझ्या पाठीची कमान झाली. शेपटी बाटली धुवायच्या ब्रशासारखी फुगली. मी पोटातून, अगदी जीव खाऊन फिस्कारलो. कोणतेही शहाणे पिल्लू अशा वेळी मागे सरकते. ही मात्र सरळ चालत माझ्यापर्यंत आली आणि माझ्या वाटीत तोंड घालून दूध प्यायला लागली!

मी तिला पंजा मारला. ठमीने मध्ये हात घातला आणि तिच्या मनगटावर लाल रेघ उमटली. ठमी रडू लागली, पिल्लू कोचाखाली गेले, मी कपाटावर गेलो. आत्या म्हणाली, "अरे बापरे, हे तर लग्नाआधीच भांडण!"

दुसऱ्या दिवशी ठमीची आई प्राण्यांच्या दवाखान्यात टपाल द्यायला गेली, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारून आली.

"आपलं चुकलंच," ती घरी येऊन म्हणाली. "एकदम समोरासमोर आणायचं नसतं म्हणे. आधी वेगळ्या खोलीत ठेवायचं. दार बंद. याचा टॉवेल तिला, तिचा टॉवेल याला. वास ओळखीचा झाला की मग दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण द्यायचं. घाई अजिबात नाही."

"माणसांची लग्नं जमवायला इतका वेळ लागत नाही," बाबा म्हणाले. पण त्यांनी इस्त्रीच्या कपड्यांची लहान खोली रिकामी करून दिली.

पिल्लाचे नाव ठमीने साय ठेवले. ती होतीच तशी, दुधावरून अलगद उचललेल्या सायीसारखी. डोळे निळे. मला आत्ता हे सुचते आहे. तेव्हा मला ती फक्त आगाऊ दिसत होती.

टॉवेल आले, गेले. तिच्या टॉवेलाला पोत्यांचा आणि आईविना झोपलेल्या पिल्लाचा वास होता. तो दुसरा वास माझ्या ओळखीचा होता, पण मी नाक फिरवले. मग दारापाशी वाट्या आल्या. मी अलीकडे, ती पलीकडे. जेवण संपले की दाराखालच्या फटीतून एक पांढरा पंजा बाहेर यायचा आणि जमिनीवर चाचपडत राहायचा. मी फटीला तोंड लावून फिस्कारायचो. पंजा जागचा हलत नसे. मी गुरगुरायचो. पंजा आणखी थोडा पुढे येई, जणू मी "ये, ये" म्हणालो होतो. पालथ्या घड्यावर पाणी! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आणि वर ती इतक्या मोठ्याने ओरडायची की खालून बाबा विचारायचे, "कोणाचा जीव चाललाय?"

दार उघडले तेव्हाही तेच झाले. मी "थांब" म्हणालो, ती आली. "मागे हो" म्हणालो, ती आली. शेवटी माझा पंजा तिच्या नाकाला लागला आणि त्या पांढऱ्या नाकावर रक्ताचा ठिपका आला. पुन्हा दार बंद. पुन्हा टॉवेल. पुन्हा तेच.

हळूहळू मी जेवेनासा झालो. खिडकीत बसायचो, पण बाहेर बघायचो नाही. ठमीची आई माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "अहो, याची हाडं लागतायत हाताला."

बाबांनी करवत खाली ठेवली. "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. रविवारी ताई येईल, तिच्याबरोबर सायला परत पाठवू. गोदामात राहील, उंदीर धरेल. तिचंही पोट भरेल."

"बाबा, नको ना!" ठमी म्हणाली. "ती लहान आहे अजून."

"आणि खोका? तो मेला तर चालेल?"

ठमी इस्त्रीच्या खोलीत जाऊन सायला पोटाशी धरून बसली. बाबा वाईट नव्हते, मित्रांनो. त्यांनी मला आधी पाहिले होते, एवढेच.

मी मात्र ते ऐकून खूश झालो. खोटे कशाला बोलू?

शनिवारी दुपारी खोलीचे दार नीट लागले नव्हते. साय जिना उतरून कारखान्यात आली आणि माझ्या, हो, माझ्या सालींच्या ढिगात झोपली. मी कारखान्याच्याच खिडकीत बसून दात खात होतो. तेवढ्यात भिंतीला टेकवलेली फळ्यांची चळत घसरली. धाड धाड धाड! आवाज असा झाला, की मी काय केले ते मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी कपाटाच्या माथ्यावर होतो. समोरच्या घरातले कुत्रे भुंकू लागले. बाबा धावत आले.

साय झोपलेलीच होती. तिच्या कानाचे टोकसुद्धा हलले नव्हते. बाबांनी तिला पाहिलेही नाही, ते फळ्या उचलण्यात गर्क होते.

मी खाली उतरलो. दबकत तिच्या मागे गेलो आणि फिस्कारलो. काही नाही. आणखी जवळ जाऊन गुरगुरलो. काही नाही. मग माझी मिशी तिच्या पाठीला लागली, तशी ती दचकून उठली. मला पाहिले आणि तिचे डोळे आनंदाने मोठे झाले.

तेव्हा माझ्या लक्षात आले. तिला ऐकू येत नव्हते. मी दिलेली एकही शिवी तिच्यापर्यंत पोचली नव्हती. दाराखालून पंजा पुढे करणाऱ्या त्या पिल्लाला एवढेच ठाऊक होते, की पलीकडे कोणीतरी आहे. माझा राग जो ओसरला तो असा, की मलाच चुकल्यासारखे वाटू लागले.

पण हे सांगणार कोणाला? आम्हा मांजरांकडे म्याव हा एकच शब्द, आणि माणसे त्याचा एकच अर्थ लावतात. मी ठमीसमोर बसून खूप वेळ म्याव म्याव केले. तिने मला दूध दिले.

रविवार उजाडला. सायची टोपली तयार करून अंगणात ठेवली होती. ठमीने तिला शेवटचे ऊन खाऊ दे म्हणून बाहेर सोडले आणि ती टोपलीत घालायचा टॉवेल आणायला आत गेली. साय फाटकाकडे पाठ करून, एका मुंगीवर डोळे लावून बसली होती. मी खिडकीच्या कठड्यावर होतो.

आत्याचा टेंपो आला. ती नेहमीप्रमाणे उलटा घेत अंगणात शिरली. टेंपो पीं पीं पीं करत मागे येत होता. आत्या दाराबाहेर डोके काढून एका बाजूच्या भिंतीकडे बघत होती. मागे बसलेले एवढेसे पिल्लू तिला दिसणे शक्य नव्हते. आणि एवढ्या आवाजात कोणते मांजर जागेवर बसून राहील?

मी उडी मारली. विचार वगैरे केला नाही. अंगण ओलांडून मी जो सायवर आदळलो, तो आम्ही दोघे लोळत लोळत अंगणात रचलेल्या फळ्यांच्या आडोशाला गेलो. पाठीमागून चाक सरकले. माझ्या शेपटीला त्याचा गरम वारा लागला.

"बघा, बघा!" बाबा दारातून ओरडले. "जाता जाता पण मारलं तिला!" त्यांनी माझी मानगूट धरून मला वर उचलले. "काय राक्षस आहेस रे तू!"

ठमी टॉवेल हातात धरून पायरीवर उभी होती. तिने सगळे पाहिले होते.

"बाबा, थांबा," ती म्हणाली. "त्यानं मारलं नाही. टेंपो इतका वाजत होता, मग साय उठली का नाही?"

"अगं, घाबरली असेल."

"नाही. ती मुंगी बघत होती."

ठमी आत पळाली आणि ताट आणि डाव घेऊन आली. सायच्या पाठीशी उभे राहून तिने ताटावर डाव आपटला. माझे कान डोक्याला चिकटले. आत्याने डोळे मिटले. साय शांतपणे आपला पंजा चाटत राहिली.

ठमीने पुन्हा आपटला. आणखी जोरात. मग ताट तिच्या हातातून गळून पडले.

बाबांनी मला हळूच खाली ठेवले. आत्या टेंपोच्या पायरीवर बसली. एरवी जिचा आवाज नाक्यापर्यंत जायचा, ती कुजबुजल्यासारखी म्हणाली, "गोदामात दिवसभर गाड्या मागे-पुढे होतात रे. मी हिला तिथे सोडणार होते."

ठमीच्या आईने टोपली उचलली आणि आत नेली. रिकामीच.

बाबा माझ्यासमोर उकिडवे बसले. लाकडाचा वास असलेला त्यांचा रुंद हात माझ्या डोक्यावर आला. "चुकलो रे, राजा," ते म्हणाले. "तुला आधीच कळलं होतं होय?"

मी म्याव केले. या वेळी कोणी दूध आणले नाही.

डॉक्टरीणबाईंनी सायला तपासले. पांढरे अंग आणि निळे डोळे असलेली काही मांजरे जन्मतःच बहिरी असतात, असे त्या म्हणाल्या. "तिला याचं रागावणं ऐकू येत नाही आणि याला वाटतं ही मुजोर आहे. आता पुन्हा पहिल्यापासून ओळख करून द्या. पण डोळ्यांनी."

मग दाराच्या जागी जाळी बसली. बाबांनी ती एका दुपारीत ठोकली. आता साय माझे कान बघू शकत होती, शेपटी बघू शकत होती. मी कान पाडले की थांबायचे, हे ती पटकन शिकली. जाळीजवळ ठमी पिसाची काडी हलवायची आणि आम्ही दोघे दोन्हीकडून धावायचो. सायच्या गळ्यात एक छोटी घंटाही आली, म्हणजे ती मागून आली तरी मी दचकू नये. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, असे म्हणे उंदीर विचारत बसले होते. आमच्याकडे ती ठमीने बांधली, आणि तीही मांजराच्याच सोयीसाठी!

घरातले सगळे सायजवळ जाण्याआधी जमिनीवर पाय आपटू लागले. तिला तो हादरा तळव्यांना कळायचा. कोणी नवखे आले तर त्यांना वाटे, या घरात सगळ्यांना राग आला आहे.

आणि एक दिवस जाळी निघाली. साय बाहेर आली. मी कान पाडले नाहीत. ती थोडी थांबली, मग माझ्यामागोमाग जिना उतरून सालींच्या ढिगात माझ्याशेजारी येऊन आडवी झाली. तिच्या नाकावर माझ्या नखाची खूण अजून होती. मी ती चाटली. आईने मला कधी चाटले असेल ते आठवत नाही, पण कसे चाटतात ते जिभेला ठाऊक होते.

त्यानंतर कितीतरी वर्षे मी दोघांसाठी ऐकले. फाटक वाजले की मी मान वळवायचो, आणि माझी मान वळली की साय बाजूला व्हायची. "खोका म्हणजे आमचा पहारेकरी," असे आत्या येईल त्याला सांगायची. मग ठमी शिकायला दुसऱ्या गावी गेली. कारखान्यात नवे कामगार आले. ते पाय आपटायला विसरायचे, घाईत जेवणाची वाटीही विसरायचे. सायची घंटा तुटून पडली, तर कितीतरी दिवस ते कोणाच्या लक्षात आले नाही. ते दिवस आम्ही एकमेकांना चिकटून काढले. बाबांचे गुडघे दुखू लागले, करवत बंद झाली, तेव्हा ते वर येऊन आमच्याजवळ बसू लागले. आता आम्ही तिघे एकाच उन्हात बसतो.

मित्रांनो, एवढे मात्र ऐका. घरात नवे पिल्लू आणाल, तेव्हा त्याला खोलीच्या मधोमध सोडून टाळ्या वाजवू नका. जुन्याला थोडा वेळ द्या, नव्याला एक कोपरा द्या. आणि कोणी तुमचे ऐकत नाही असे वाटले, तर त्याला मुजोर म्हणण्याआधी एकदा जवळ जाऊन बघा. आमच्या सायला बघायला आम्हाला फार उशीर झाला असता.

ती आत्ता माझ्या पोटाशी झोपली आहे. ती घुरघुरते तेव्हा स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे इतक्या मोठ्याने घुरघुरते, की बाबांची दुपारची झोप मोडते. ते कूस बदलून म्हणतात, "खोका, सांग रे तिला जरा हळू."

मी सांगत नाही.