मनोजरावांच्या नावाखालचा उकार

मी एक जुना सागवानी नामफलक आहे. मित्रांनो, एका राजधानीच्या शहराचे सगळे महापौर माझ्यावर ओळीने लिहिलेले आहेत, पहिल्यापासून तेविसाव्यापर्यंत. निदान लोक तसे समजत होते, आणि मी त्यांना तसे समजू दिले.

मला सुताराने घडवले, पण माझ्यावर अक्षरे आणली दहिवलीच्या हिरामण पेंटरने. खडूत बुडवलेला दोरा ताणून तो माझ्यावर रेघा मारी आणि श्वास रोखून एकेक अक्षर काढी. नवा महापौर निवडून आला की त्याला बोलावणे जाई. मी सभागृहाच्या दारावर होतो. शाळांच्या सहली येत, मुले मोठ्याने नावे वाचत. प्रत्येक महापौर पहिल्या दिवशी माझ्यासमोर थांबून आपली जागा शोधी. एकाने तर आपले नाव वरच्यापेक्षा बारीक दिसते म्हणून दोनदा रंगवून घेतले होते. मला या सगळ्याचा मोठा अभिमान वाटे.

मग एक महापौर पदावर असतानाच वारले. उपमहापौर शकुंतला ठोंबरे यांनी सत्त्याण्णव दिवस कारभार पाहिला. हिरामण नाव विचारायला गेला तेव्हा त्यांनी त्याला बसवून चहा दिला आणि कागदावर स्वतः नाव लिहून दिले. चौदाव्या ओळीत त्याने ते रंगवले.

रंग अजून ओला होता. तेवढ्यात नव्या महापौरांचा, मनोजराव पिंगळ्यांचा, माणूस आला. “प्रभारी म्हणजे काही महापौर नव्हे. ते पुसा आणि तिथे साहेबांचं नाव घाला.”

हिरामणची नजर पाचव्या ओळीवर गेली. तिथे चाळीस दिवसांचा एक प्रभारी महापौर होता, त्याचे नाव कोणी पुसले नव्हते. हिरामणला हे ठाऊक होते. पण पुढची कामे तुटतील या भीतीने तो बोलला नाही. त्याने टर्पेंटाईनचा बोळा फिरवला.

मी लाकूड, मी काय करणार, असे म्हणून मला सुटता आले असते. पण खरे सांगतो, नवे नाव जास्त चमकत होते आणि मला ते आवडले होते. जुन्या नावातला ‘कुं’चा उकार तेवढा माझ्या रेषांत मुरून राहिला.

वर्षे गेली. सभागृहात दगडी फलक आला आणि मला भंगारात टाकले. हिरामणने मला मागून घेतले, दहिवलीला आणले आणि पडवीत भिंतीकडे तोंड करून ठेवले. तो आता म्हातारा झाला होता. माझ्याकडे तो कधी पाहत नसे.

गेल्या वर्षी नम्रता नावाची मुलगी आली. ती त्या शहराच्या महापौरांचा इतिहास लिहीत होती. जुनी कागदपत्रे वाळवीने खाल्ली होती, म्हणून तिला मी हवा होतो. तिने मला उजेडात वळवून चौदाव्या ओळीवर बोट ठेवले.

“काका, ‘मनोज पिंगळे’ या नावात उकार कुठेच नाही. मग हा खाली कसला?”

“ब्रश टेकला आसंल,” हिरामण म्हणाला.

तिने मान हलवली, फोटो काढले आणि गेली. आता माझे खोटे छापले जाणार होते.

हिरामण जेवायला बसला, पण भात चिवडत राहिला. त्याची सून छाया कुंभिवलीच्या कंपनीत पॅकिंगला जाते. तिने सगळे ऐकले होते.

“बाबा, ब्रश टेकून येवढा वळणदार उकार उमटंल का?”

त्याने ताट बाजूला सारले. “मीच पुसलं गं. येका बाईचं नाव हाय ते.”

“बाई हायेत का आजून?”

“लोधिवलीला ऱ्हातात.”

“मग नम्रताला फोन करते. टेंपोही सांगते,” छाया म्हणाली.

आम्ही लोधिवलीला पोचलो, नम्रताही आली. शकुंतलाबाई ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत वाचले आणि हात थांबवला. हिरामणने सगळे सांगितले. सांगताना त्याने मान वर केली नाही.

“गावात हळदीकुंकू होतं,” बाई म्हणाल्या. “ओळख करून देताना मला ‘माजी महापौर’ म्हणाले. येकीनं मोबाईलवर या फळीचा जुना फोटू शोधून दाखवला. यात तर नाव नाय म्हणाली. सगळ्या हसल्या. तेवापासून मी कुठं जात नाय रं, हिरामण.”

मी नुसता गप्प राहिलो असे मला वाटत होते. पण मी तर त्यांच्याविरुद्ध साक्ष देत हिंडत होतो.

“मनोजरावांचं नाव खरवडतो,” हिरामण म्हणाला. “तुमचं तिथं घालतो.”

“नको. ते बी महापौर होतेच की. त्यांच्या नावावरच्या फटीत लिव. बारीक लिव, पण तारखा घाल.”

त्याने ब्रश उचलला. छायाने मला घट्ट धरले. बाई शेजारी उभ्या राहून पाहत होत्या. “येकवीस नाय रं, बावीस,” त्या मध्येच म्हणाल्या. “दुपारी चार्ज घेतला मी.” त्याने पुसून बावीस केले.

नम्रताने हिरामणचा जबाब लिहून घेतला. ती म्हणाली, “काका, हे नाव पुसणाऱ्यानेच तीस वर्षांनी लिहिलं, असं मला पुस्तकात सांगावं लागेल.”

“तसंच लिवा,” तो म्हणाला.

पुढे लोधिवलीच्या शाळेने मला मागितले. तुमच्या मोठ्या बाई स्वतः निमंत्रण घेऊन शकुंतलाबाईंकडे गेल्या. “फळी न्या,” शकुंतलाबाई म्हणाल्या. “मी नाय येत.”

म्हणून मित्रांनो, तुमच्या व्हरांड्यात मी एकटाच आलो आहे. येता-जाता तुम्ही माझी धूळ पुसता, त्याबद्दल मी आभारी आहे. पण माझी एवढी काळजी करू नका. शाळा सुटल्यावर शकुंतलाबाईंच्या ओट्यावर जा. बाई आधी म्हणतील की त्यांना वेळ नाही. तरी बसून राहा आणि विचारा, “त्या सत्त्याण्णव दिवसांत तुम्ही काय काय केलंत?” माझ्यावर फक्त तारखा आहेत. बाकीचे मला ठाऊक नाही, कारण मी तेव्हा कधी विचारले नाही.