अंगावरची पिशवी

“आई, पासपोर्ट अंगावरनं काढायचा नाही बघ. झोपताना सुद्धा नाही.”

विमानतळावर प्रणेशनं बजावलेलं आठवत कुसुमताईंनी कमरेची कापडी पिशवी सोडली आणि ती मुठीत धरून न्हाणीच्या दाराशी उभ्या राहिल्या. पाणी काढलेलं होतं. सोवळं दांडीवर वाळत होतं. घरात रामाचार्य पूजेचा चौरंग मांडत होते.

कॅनडाचा निळा पासपोर्ट हाती येऊन चारच महिने झाले होते. जुना रद्द झाला. शुक्रवारी परतीचं विमान होतं. सून नेत्राला नववा लागलेला. हा कागद हरवला तर दुसरा मिळेपर्यंत बाळ महिन्याचं होणार.

पण पिशवी सोवळ्यात कशी न्यायची? विमानाच्या संडासापर्यंत ती जाऊन आलेली.

“आणा इकडं, कपाटात टाकते,” भावजय जयंती म्हणाली.

“कुलूप आहे का त्याला?”

“आहे की. किल्ली तेवढी सापडंना.”

कुसुमताई ओसरीवर आल्या. पायरीवर सोजराबाई बसली होती, नेहमीच्या जागी. दोघी याच गावात, खजुरीत, वाढल्या. सोजराला गावातच दिलेलं.

“सोजरा, एवढं धरशील? माझं होईपर्यंत. अंगावेगळं करायचं नाही बघ.”

सोजरानं लुगड्याला हात पुसले. कुसुमताईंनी पासपोर्ट उघडून तिला एका ओळीवर बोट ठेवून दाखवलं. “इथं जन्मगाव लिहिलंय. खजुरी.”

“मग ही गावाचीच वस्तू हाय की,” सोजरा हसली. “गावात कशी हरवंल? जावा तुमी, अक्का.”

कुसुमताई आंघोळ करून पाटावर बसल्या. समोर परातीत तुपात भिजवलेल्या लाख वाती. तीन हिवाळे त्यांनी त्या तिकडं बसून वळल्या होत्या, रोज जप करत. तिकडं एक निरांजन लावलं तरी छताचं धूर हुंगणारं यंत्र बोंबलायचं, म्हणून उद्यापन माहेरी. कापूस सोजराच्या रानातला. तो देताना तिनं सरक्या सुद्धा स्वतः काढून दिल्या होत्या, आणि कुसुमताई म्हणाल्या होत्या, “कापूस तुझा, पहिली वात तुझ्या हातानं लावायची.”

आज सकाळपासून ते वाक्य ओठांपर्यंत येऊन रामाचार्यांकडं बघून परत गेलं होतं. सोजरानंही विचारलं नव्हतं.

संकल्प झाला. कुसुमताईंनी सहज दाराबाहेर पाहिलं. पायरी रिकामी होती.

“जयंती, सोजरा कुठं गेली?”

“तिची सून आली होती, रेणुका. म्हस आडलीय म्हणून पळत घेऊन गेली.”

त्या उठल्या.

“ताई, संकल्प झालाय,” रामाचार्य म्हणाले. “आसन सोडायचं नसतं.”

“येते लगेच.”

“वन्सं, कुणाला शिवाल!” मागून जयंती ओरडली.

सोवळं सावरत, अनवाणी, त्या गल्ली ओलांडून गेल्या. बाळ, शुक्रवार, प्रणेशचा चेहरा. ओठांवरचा जप दोनदा तुटला. गोठ्याच्या दारात त्या थबकल्या. म्हैस आडवी पडलेली. सोजरा कोपरापर्यंत बरबटलेली, आणि नुकतं पडलेलं रेडकू पेंढ्यावर धडपडत होतं.

“अक्का! तुमी कामून आलात? सोवळ्यात हाव की!”

“पिशवी?”

सोजरानं हनुवटीनं गळ्याकडं खूण केली. पिशवीची नाडी तिच्या गळ्यात होती, पिशवी चोळीच्या आत.

“तुमीच म्हनलात, अंगावेगळी करू नको. रेणुका म्हनत होती खुटीला टांग. म्या न्हाई टांगली.” मग जरा ओशाळून, “माझे हात असले. थांबा, धुऊन देते.”

“राहू दे.”

कुसुमताई पुढं झाल्या. सोजराच्या मानेवरची गाठ घामानं घट्ट बसली होती. ती सोडवायला वेळ लागला. साठ वर्षांत त्या मानेला त्यांचा हात पहिल्यांदाच लागत होता. सोजरा मान वाकवून उभी होती.

“आता परत आंघोळ आली की तुमाला,” ती हळूच म्हणाली.

कुसुमताईंनी पिशवी कमरेला बांधली, सोवळ्यावरूनच. गाठ दोनदा ओढून पाहिली.

“रेडी आहे का रेडा?”

“रेडी हाय.”

“बरं झालं. रेणुका बघंल आता तिला. तू हात धू.”

“कामून?”

“धू तर.”

सोजरानं रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले, तोंडावर पाणी मारलं, पदर नीट केला. कुसुमताई दारात वाट पाहत थांबल्या. मग दोघी निघाल्या. सोजरा सवयीनं चार पावलं मागं. कुसुमताई थांबल्या, तिला बरोबरीला येऊ दिलं, तिचा ओला हात धरला.

अंगणात शिरल्यावर डाव्या हाताला न्हाणी होती. जयंतीनं तिथं घागर भरून ठेवली होती.

कुसुमताई सोजराचा हात न सोडता सरळ पायऱ्या चढल्या.