फळीवरून पहिला पाय

अडतीस वर्षं मी कादिकोयहून समुद्रापलीकडच्या काराकोयला बोटीनं जातोय आणि कालपर्यंत एकदाही बोटीतून धक्क्यावर टाकतात त्या फळीवरून उतरलो नव्हतो. फळी पाहुण्यांसाठी, आजाऱ्यांसाठी. आम्ही रोजची माणसं बोट धक्क्याला टेकायच्या आधीच उडी मारतो. मधे हातभर पाणी उरलं की पाय आपोआप उचलतो. माझं काराकोयला कुलपांचं दुकान, हिकमतचं शेजारीच शिवणकामाचं. दोघांनीही साठी ओलांडली, पण धक्क्यावर पहिला पाय कोणाचा यावरून रोज सकाळी चुरस. हरेल त्यानं चहा पाजायचा. गेला आठवडाभर हिकमत माझ्या जिवावर चहा पीत होता, आणि ते मला चांगलंच झोंबलं होतं.

आमची बोट ‘मेहताब’ आमच्याहून म्हातारी. वाफेचं इंजिन, लाकडी बाकं आणि एक जुनी रीत: बोटीवरून फेकलेल्या दोराचा फास थेट धक्क्यावरच्या लोखंडी खुंट्यावर पडला पाहिजे. तो दोर फेकायच्या कामावर महिन्यापूर्वी सेविलाय नावाची मुलगी आली. आधी ती तिकिटाच्या खिडकीत बसायची.

"आता दोर फेकणार की लोकर विणणार?" पहिल्या दिवशी हिकमत तिला ऐकू जाईल असं म्हणाला. मीही हसलो. खोटं कशाला बोलू?

पण पोरगी चिवट निघाली. बोट रिकामी असली की डेकवर बादली पालथी घालून तिच्यावर फास टाकत बसायची. हातांना फोड आले, ते फुटले, वर फडकं बांधून पुन्हा सुरू. मनातून मला तिचं कौतुक वाटायला लागलं होतं.

आणि काल लोदोस सुटला. दक्षिणेचा हा वारा आला की समुद्र उकळतो आणि आमची डोकी दुखतात. चहावाला बेकिर तबक सांभाळत आला आणि कानाशी लागला. "नेजातीकाका, आज सेविलायची परीक्षा. ते बघा, बोट कंपनीचे फाहरीसाहेब वही घेऊन उभे आहेत. दोन फेकींत फास पडला तर दोर तिचा. नाही तर उद्यापासून परत खिडकीत."

"याच हवेत?" मी म्हटलं.

"हवा काय विचारून येते?"

काराकोयचा धक्का जवळ आला. आम्ही नेहमीसारखे दाराशी दाटीवाटीनं उभे. सेविलाय कठड्याशी दोराची वेटोळी हातात घेऊन. बोट वर जात होती, खाली जात होती. मला परीक्षा दिसत नव्हती, मला हिकमतचा बूट दिसत होता. तो माझ्यापुढे वीतभर सरकला. मी त्याला कोपरानं मागे सारून पुढे घुसलो आणि त्याच क्षणी सेविलायनं हात फिरवला. दोर माझ्या खांद्यावर आदळला आणि पाण्यात पडला.

फाहरीसाहेबांनी वहीत लिहिलं. "एक."

लाटेनं बोट धक्क्यापासून दूर लोटली. कप्तानाला पुन्हा वळसा घ्यावा लागला. लोक शिव्या घालायला लागले, आणि त्या मला नव्हत्या, तिला होत्या. तिनं ओला दोर ओढून घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"काका, तुमची उडी मोठी की माझी भाकरी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या मुलीनं असं विचारलं असतं तर मी तोंड कुठं लपवलं असतं?

बोट पुन्हा धक्क्याकडे वळली. गर्दी पुन्हा पुढे सरकली. सवय ती, जाता जात नाही. मी दारात आडवा उभा राहिलो आणि दोन्ही हात पसरले.

"कोणी हलायचं नाही! पोरीला हात फिरवायला जागा द्या!"

"म्हातारा पिसाळला," मागून कोणीतरी म्हणालं.

"पिसाळलाय, चावेल! मागे व्हा!"

सगळे मागे झाले. हिकमत मात्र माझ्या काखेखालून घुसायला लागला. मी त्याचा कोट मुठीत पकडला.

"सोड, कोट फाटेल!"

"शिंपी आहेस ना? शिवून घे!"

सेविलायनं लगेच दोर फेकला नाही. लाट वर आली, तिनं जाऊ दिली. दुसरी आली, तीही जाऊ दिली. मी हिकमतचा कोट आणखी घट्ट धरला. तिसऱ्या लाटेनं बोट उचलली आणि तिचा हात फिरला. जड, ओला फास आमच्या डोक्यांवरून गेला आणि खुंट्यावर पडला. तिनं झटक्यानं दोर आवळला, बोट कुरकुरली आणि मुकाट धक्क्याला टेकली.

मग जो गलका झाला! बेकिरनं तबकच वाजवलं. मघाशी शिव्या देणारे शिट्ट्या मारत होते. हिकमत सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता, कोट माझ्या मुठीत असतानाच. माझे डोळे भरून आले आणि मी त्याचा दोष वाऱ्यावर ढकलला नाही.

फाहरीसाहेबांनी वही मिटली. "उद्यापासून दोर तुझा, पोरी."

तिनं दोर बांधला, फळी टाकली आणि बाजूला झाली. कोणी हलेना. फळीवर पहिला पाय कोणी टाकायचा हे आमच्यात कोणालाच ठाऊक नव्हतं.

"चला काका," ती हसून म्हणाली. "आज पहिला पाय तुमचा. जपून, फळी ओली आहे."

मी फळीवरून चालत गेलो. मधे ती जराशी लवली तेव्हा मी चांगलाच दचकलो.

"फळीवरून उतरलेला पाय पैजेत धरायचा नाही!" हिकमत मागून ओरडला.

"धरायचा," वरून सेविलाय म्हणाली. "बोटीचा दोर माझ्या हातात आहे. चहा तुम्ही पाजायचा."

हिकमतनं पाजला. मी दोन ग्लास प्यालो, एक माझा आणि एक तिच्या नावानं.