रिंगणातले अप्पा

देवणीकडचे रामलिंगअप्पा आयुष्यभर वळू मिरवत आले. शिंगांना रंग, पाठीवर झूल अशा थाटात ते आपल्या हिऱ्याला प्रदर्शनाच्या रिंगणात उतरवायचे. परीक्षक वशिंडापासून खुरापर्यंत माप घेऊ लागले की हिऱ्याऐवजी अप्पाच छाती फुगवून उभे राहायचे. उतारवयात आपलंही असंच माप घेतलं जाईल आणि आपण ते हौसेनं देऊ, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

माप घेणारे होते लातूरचे डॉ. रुद्रेश. त्यांचा संशोधनाचा विषय रक्तवाहिन्या. नळ्यांच्या आत चरबीचा थर कसा बसतो, मधुमेह त्या थराला कसं खतपाणी घालतो, आणि सांध्यात किंवा हिरड्यांत वर्षानुवर्षं धुमसणारी सूज त्यात तेल कशी ओतते, हे ते पोटतिडकीनं सांगत. अप्पा त्यांच्याकडे गेले होते नुसते गुडघे घेऊन. तपासणीत साखर वाढलेली निघाली, सकाळी बोटं आखडून सुजतात हे कळलं, हिरड्यांतून रक्त येत होतं आणि पोट तर न तपासताही दिसत होतं. "अप्पा, तुमच्यात सगळंच आहे!" डॉक्टर हरखून म्हणाले. अप्पांना वाटलं, आपलं कौतुकच चाललंय.

मग डॉक्टरांनी अप्पांना आपल्या अभ्यासात घेतलं; सुजेवरची एक जुनी, स्वस्त गोळी सुरू झाली आणि अधूनमधून मानेची सोनोग्राफी. काय नवल, मानेतल्या रक्तवाहिनीतला चरबीचा थर चक्क पातळ झाला! अभ्यासातल्या दुसऱ्या कुणाचाही एवढा उतरला नव्हता. तेव्हापासून अप्पा जमिनीवरून दोन बोटं वर चालू लागले. लग्नाच्या मांडवात, पारावर, कुणी विचारो न विचारो, मान वाकडी करून दाखवायचे. "हात लावून बघ. नव्या पायपावानी हाय आतून." ताटातल्या जिलेबीवरून बायकोनं डोळे वटारले की म्हणायचे, "सिंधु, मी रिसर्चमधला माणूस हाय. मला चालतंय." सिंधुबाई फक्त जिलेबीचं ताट उचलून आत नेत.

आणि एक दिवस बोलावणं आलं. नांदेडला डॉक्टरांची मोठी परिषद, विषय रक्तवाहिन्यांचा, आणि डॉ. रुद्रेश तिथं अप्पांना मंचावर बसवून आपलं संशोधन मांडणार. गावानं चौकात अप्पांचा फलक लावला. अप्पा नवं धोतर नेसून जीपमध्ये बसले, सिंधुबाई शेजारी.

परिषदेचा नाश्ता बघून अप्पांना फार बरं वाटलं. रक्तवाहिन्या वाचवायला जमलेली मंडळी पुरी, जिलेबी आणि वर तुपातल्या शिऱ्यावर तुटून पडली होती. अप्पाही मागे राहिले नाहीत. मंचाच्या पायऱ्या चढताना छातीत काहीतरी दाटल्यासारखं झालं. शिऱ्याला दोष देऊन ते खुर्चीत बसले.

आपल्याकडे कुठलाही कार्यक्रम सत्कारांतून मोकळा झाल्याशिवाय विषयावर येत नाही. आधी समई पेटवायची होती आणि पंखा ती पेटू देत नव्हता. पंखा बंद करायला माणूस शोधण्यात वेळ गेला. मग शाल, श्रीफळ, फेटा, स्मृतिचिन्ह. अध्यक्षांचा सत्कार, उद्घाटकांचा सत्कार, सत्कार करणाऱ्यांचा सत्कार, हॉल दिलेल्या शेठजींचा सत्कार. अप्पांनाही घट्ट फेटा बांधला गेला, खांद्यावर शाल आली. टाळ्यांच्या कडकडाटात अप्पांच्या छातीवर जणू कुणी जातं आणून ठेवलं. डावा खांदा भरून आला, जबडा दुखू लागला.

ते डॉ. रुद्रेशांकडे झुकले. "डॉक्टरसाहेब, छातीत लई दाबायलंय."

डॉक्टर फोटोग्राफरकडे बघून हसत होते. ओठ न हलवता म्हणाले, "पहिल्यांदाच मंचावर ना? होतं असं. मोठा श्वास घ्या."

अप्पांनी घेतला. आत गेलाच नाही. दुसऱ्या बाजूला पुण्याहून आलेले हृदयरोगाचे पाहुणे बसले होते. अप्पांना घाम पुसताना पाहून त्यांनी सहृदयतेनं खिशातून पुदिन्याची गोळी काढून दिली आणि पुन्हा आपलं भाषण चाळायला लागले.

आता उठावं आणि सांगावं, मला दवाखान्यात न्या, असं अप्पांना वाटलं. पण सांगायचं कुणाला? समोरच्या सगळ्या खुर्च्यांवर डॉक्टरच होते आणि ते सगळे बऱ्या झालेल्या अप्पांना बघायला आले होते. बरा झालेला माणूस मंचावरच आडवा झाला तर डॉक्टरसाहेबांची इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. चौकातला फलक पाण्यात. शिवाय अजून आपल्या नावाचा पुकारा व्हायचा होता, स्मृतिचिन्ह मिळायचं होतं. भर कार्यक्रमातून उठून जाणं बरं दिसत नाही, या एका विचारापायी अप्पा मरायला तयार झाले होते. असा शहाणपणा आपल्याच मुलखात सापडतो.

तिसऱ्या रांगेतून सिंधुबाई बघत होत्या. फेट्याची कड घामानं गडद झाली होती, चेहरा राखेच्या रंगाचा. त्यांनी असलं तोंड पूर्वी एकदा बघितलं होतं, पण ते नवऱ्याचं नव्हतं. त्या उठल्या आणि तडक मंचावर चढल्या.

सूत्रसंचालकाचा गैरसमज झाला. "अप्पांच्या पाठीशी खंबीरपणे उभ्या राहिलेल्या सौभाग्यवती सिंधुताई!" तो माइकमधून गरजला. काही कळायच्या आत सिंधुबाईंच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, सभागृहानं टाळ्या वाजवल्या. तशाच त्या नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"उठा."

"आता माझंच नाव हाय," अप्पा पुटपुटले. "जरा थांब."

"देवणीच्या रिंगणात हिऱ्यानं रवंथ सोडलं, नाक वाळलं, तवा तुमी काय केलं व्हतं?"

त्या वर्षी पहिला नंबर नक्की होता. परीक्षक हिऱ्यापासून दोन जनावरांवर येऊन ठेपले होते. तरी अप्पांनी हिऱ्याची वेसण धरून त्याला रिंगणाबाहेर काढलं होतं, गुरांच्या डॉक्टरला हाका मारत. बक्षीस गेलं, वळू वाचला. ही गोष्ट ते आजही छाती पुढे काढून सांगत.

"हिऱ्याला बाहीर काढलं," सिंधुबाई म्हणाल्या. "मंग तुमचीच वेसण धरायला कुणी न्हाई व्हय? का मी धरू?"

अप्पा उठले. सिंधुबाईंनी काखेत नारळ धरून त्यांना पायऱ्यांवरून खाली आणलं. कुणी अडवलं नाही. सगळ्यांना वाटलं, म्हातारा लघवीला चाललाय. आत डॉ. रुद्रेशांचं भाषण सुरू झालं, ते दाराबाहेर रिक्षात बसेपर्यंत ऐकू येत होतं.

जवळच्या दवाखान्यात ड्यूटीवर डॉ. महामाया नावाची तरुण डॉक्टर होती. तिनं हृदयाचा आलेख काढला, बघितला आणि एकदम भराभर हुकूम सोडू लागली. इंजेक्शन देता देता तिनं फेट्याकडे बघून विचारलं, "लग्नातून आलात का?"

"न्हाई. हार्टच्या परिषदेतून," सिंधुबाई म्हणाल्या.

"तिथं एकही डॉक्टर नव्हता?"

"हॉल भरला व्हता, बाई."

महामायेनं क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. मग फेटा सोडवायला घेतला.

हृदयाची एक मोठी नळी जवळजवळ बंद झाली होती. ती उघडून तिच्यात स्टेंट बसवला. आणखी थोडा उशीर झाला असता तर चौकातल्या फलकावर फक्त मजकूर बदलायचा राहिला असता. मान निर्मळ निघाली म्हणून हृदयही तसंच असेल, हे डॉ. रुद्रेशांनी कुठं वाचलं होतं, कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले, हातात राहून गेलेलं स्मृतिचिन्ह घेऊन. चेहरा उतरला होता, पण तो अप्पांसाठी की संशोधनासाठी, हे सांगणं कठीण होतं.

"अप्पा, फार वाईट वाटलं," ते स्टुलावर बसत म्हणाले. "पण आता तुम्हाला अभ्यासातून वगळावं लागेल. तुमच्या एकट्यामुळे सगळा निकाल बिघडतोय."

अप्पांचा जीव तळतळला. "म्हंजे बरा व्हतो तवर तुमचा, आन मरायला लागलो की माझा मी?"

सिंधुबाईंना बरं वाटलं. इतक्या दिवसांनी माणूस शुद्धीवर आला.

डॉक्टरांनी स्मृतिचिन्ह टेबलावर ठेवलं. "तसं नाही हो. तुमची मान अजूनही उत्तमच आहे. मानेचा फोटो मी पुढच्या महिन्यात हैदराबादच्या परिषदेत दाखवणारच आहे. तेवढी परवानगी हवी होती."

अप्पांनी छतावरच्या पंख्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या स्मृतिचिन्हाकडे. कपाळावरची आठी हळूहळू सैल झाली.

"नुसती मानच?" ते म्हणाले. "फेट्यातला एखादा फोटू न्हाई का निघाला?"

सिंधुबाईंनी सत्काराचा नारळ पिशवीत टाकला आणि पिशवीचं तोंड आवळलं.

"हिऱ्याला फोटूचं कळत न्हवतं," त्या म्हणाल्या, "म्हणून वाचला."