पहिली सुई

"सोड ती पट्टी," नाकाला रुमाल लावत उद्धवराव म्हणाले.

ज्योतीरामने कोमट पाण्यात कापूस भिजवला आणि जखमेला चिकटलेली पट्टी हळूहळू सुटी करायला घेतली. परवा ती सरकारी विम्याच्या डॉक्टरांसाठी सोडली होती, आज खाजगी विमा कंपनीच्या या इन्स्पेक्टरसाठी. चिंचवडच्या त्या कारखान्यात जखमा बांधायच्या, एवढंच ज्योतीरामचं काम; या आठवड्यात मात्र बांधण्यापेक्षा सोडणंच जास्त झालं होतं. बाकावरच्या भैरूने दात आवळले. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली चेंगरली होती.

"पू झालाय, साहेब. पेनिसिलिन टोचायला हवं," ज्योतीराम म्हणाला.

"टोच की! पण सरकारी डॉक्टरांना टोचू दे. याच्या पगारातून सरकारी विम्याचे पैसे कापलेत ना?"

कापले होते, खरंच. पण विम्याचं कार्ड अजून आलं नव्हतं, आणि कार्ड येईपर्यंत कारखान्याची जुनी खाजगी पॉलिसीच लागू, असं सरकारी डॉक्टरांचं म्हणणं. कारखान्याच्या डॉक्टरांनी तर ज्योतीरामला बाजूला घेऊन कानमंत्रच दिला होता, "जो पहिली सुई टोचेल, त्याने जबाबदारी घेतली असं होतं. आपण हात लावायचा नाही." दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इथे तर तिसरंही घर होतं, आणि तिन्ही घरच्या चुली थंड.

पुवाचा वास ज्योतीरामच्या रोजच्या सवयीचा होता. किळस आली ती त्या अत्तर लावलेल्या रुमालाची.

बाहेर भैरूची बायको रंभा बसली होती. ज्योतीराम बाहेर येताच तिने विचारलं, "भाऊ, पिंपरीच्या त्या नव्या कारखान्यात सुईचंच औषिद करत्यात न्हवं? आमच्या रानापल्याडच हाय त्यो. मी मागून आणू का वाईच?"

"तसं देत नाहीत, वहिनी."

"मग पुण्याला न्यावं का ह्यास्नी?"

आतून उद्धवरावांनीच उत्तर दिलं, "न्या खुशाल. मग भरपाईचं आम्हाला विचारू नका."

संध्याकाळी ज्योतीरामने कारखान्याच्या डॉक्टरांकडे औषधाच्या कपाटाची किल्ली मागितली. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "नोकरीचा कंटाळा आला का रे?" घरी म्हातारी आई होती, दोन पोरी होत्या. तो रिकाम्या हाताने परतला. त्या दिवशी त्याला स्वतःचीही शिसारी आली.

पुढे भैरूला ताप चढला, हात कोपरापर्यंत सुजला, तेव्हा गावकऱ्यांनी विम्याला खड्ड्यात घातलं आणि त्याला गाडीत घालून पुण्याला नेलं. तोवर उशीर झाला होता. पंजा मनगटापासून कापावा लागला.

हात गेल्यावर मात्र घोडं झटक्यात पुढे सरकलं. उद्धवराव आणि सरकारी डॉक्टर, दोन्ही साहेब ज्योतीरामच्या खोलीत समोरासमोर बसले आणि चहा संपेतो मिटवूनही मोकळे झाले. बोटं अपघातात गेली, ती खाजगी कंपनीच्या नावावर. उरलेला पंजा पू होऊन, म्हणजे रोगाने गेला, तो सरकारी विम्याकडे. जिवंत हाताला या मंडळींनी एक सुई दिली नव्हती. मेलेल्याची वाटणी कशी सख्ख्या भावांसारखी केली! "बघा, सामंजस्य असलं की प्रश्न सुटतो," असं वर उद्धवराव म्हणाले, आणि ज्योतीरामला वाटलं, यांच्या कपात थुंकावं. तो नुसता कप उचलत राहिला.

भैरूला आत बोलावलं. उद्धवरावांनी कागद पुढे सरकवला, शाईची डबी उघडली आणि सवयीने म्हणाले, "हं, डावा अंगठा लाव."

भैरूने आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. त्याचा आवाज जराही चढला नाही.

"डावा तर तुमी दोघांनी आत्ताच वाटून घेतला, सायेब."

उद्धवरावांचा हात रुमालाकडे गेला. आज खोलीत कसलाच वास नव्हता.

"उजवा चालेल," खाली बघत सरकारी डॉक्टर म्हणाले.

भैरूने उजवा अंगठा उमटवला. कागद घेऊन साहेब मोटारीत बसले. भैरू मात्र शाईने काळा झालेला अंगठा पुढे धरून तसाच उभा राहिला. सदरा रंभाने कालच धुतला होता, त्याला पुसायचं त्याच्या जिवावर आलं असावं.

ज्योतीरामने स्पिरिटमध्ये कापसाचा बोळा बुडवला, त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि अंगठ्यावरची शाई पुसायला लागला. पुसायला भैरूकडे दुसरा हात नव्हता.