पंढरपुरी शिंगांची हिरॉईन

मी एक उतारवयाची म्हैस आहे, मित्रांनो. रंगाने काळी, जातीने पंढरपुरी, राहायला कोल्हापुरात मंगळवार पेठेत. नाव चंद्री. माझी शिंगं मागे थेट खांद्यापलीकडे जातात. गोठ्याच्या दारातून आत येताना मला मान तिरकी करावी लागते. माझी मालकीण शालूबाई त्यांना तेल चोळताना म्हणते, "चंद्रे, ह्यावर धुणं वाळत घालीन की गं!"

शालूबाईने मला रेडकू असताना हातकणंगल्याहून आणलं. माझी आई गेली होती, म्हणून तिनेच मला बाटलीने दूध पाजलं. पुढे मी चौकात उभी राहून गिऱ्हाइकांसमोर ताजी धार देऊ लागले. फेसाळ दुधाचा पेला रिकामा करून पैलवान गडी माझ्या पाठीवर थाप मारायचे. तेवढं कौतुक मला पुरत होतं.

एके दिवशी गोठ्यात सिनेमावाले आले. मुलांच्या एका लाडक्या कार्टूनमध्ये गाणी म्हणणारी जांभळी, गुबगुबीत म्हैस होती. त्याच गोष्टीचा आता खऱ्या माणसांना आणि खऱ्या जनावरांना घेऊन सिनेमा निघत होता. दिग्दर्शक राजवर्धन मला बघून खूश झाले. शालूबाई तर पेठभर सांगत सुटली, "आमची चंद्री हिरॉईन झालीया!"

शूटिंगला मला जांभळी पावडर फासली. पापण्यांना खोट्या केसांच्या झालरी चिकटवल्या. मी सोसलं. त्या संध्याकाळी मात्र पान्हा चोरला. शालूबाईला थेंब दिला नाही.

दुसऱ्या दिवशी शूटिंगच्या जागी राजवर्धननी मोबाइलवरचं चित्र तिच्यापुढे धरलं. कार्टूनमधल्या म्हशीची शिंगं जिलबीएवढी, गोल होती.

"मावशी, मुलं हीच म्हैस ओळखतात. चंद्रीची शिंगं निम्मी कापूया. भूल देऊ, दुखणार नाही."

एक माणूस करवत घेऊन पुढे आला. मी असा हिसका दिला, की दाव्यासकट खुंटा उपटून आला. शिंगं रोखून मी त्याच्यासमोर उभी राहिले. मित्रांनो, मी जन्मात कुणाला मारलं नाही. त्या दिवशी मारलं असतं.

शालूबाई धावत मध्ये आली. वाटलं, मला आवरायला आली. पण ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

"पावणं, ते चित्र हाय. पुसा न्हाईतर फाडा. हिच्या शिंगात रगत हाय."

"मावशी, अख्खा सिनेमा अडेल."

"अडू दे की! माझी म्हस न्हाय अडत."

जांभळ्या रंगातच तिने मला भर रस्त्यातून घरी नेलं. "हिरॉईन परत आली!" म्हणून पेठ हसली. शालूबाईने मान खाली घातली नाही, मग मी तरी का घालावी?

शेवटी सिनेमातली म्हैस कॉम्प्युटरवर तयार झाली. छान नाचते म्हणे. नाचू दे. तुम्हीही बघा, टाळ्या वाजवा. पण जिवंत जनावराला चित्राच्या मापाने कापायला निघू नका. ही माझी विनंती नाही, मित्रांनो. बजावते आहे.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या कोल्हापुरात म्हशी सजवून मोटारसायकलमागे पळवतात. शालूबाईने मला मोरपिसांनी सजवलं. ती मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसली, आणि तिच्या हाकेसरशी मी मागून पळत सुटले. दुतर्फा शिट्ट्या घुमत होत्या. गर्दीत लेकीला खांद्यावर घेऊन राजवर्धन उभे होते.

"मावशी, एक फोटो! जरा थांबवा हिला!"

"काढा की पावणं," शालूबाई ओरडली, "पण पळत काढा!"

राजवर्धन खरंच पळाले. मी वेग कमी केला नाही.